वास्तूचा पूर्वाधिकार

ज्या परंपरेने 'अनिकेत' असणे हे भक्ताचे लक्षण मानले आणि भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या मुखाने गृहारंभ हा दुःखाचाच आरंभ ठरवून परक्याच्या बिळात सुखाने राहणाऱ्या सर्पाला गुरुपद दिले, त्याच परंपरेने भूमिपूजनापासून वास्तुशांतीपर्यंत घराच्या प्रत्येक टप्प्याला विधींनी वेढावे, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे. शिवाय त्या स्कंधावर 18,000 हून अधिक ओव्यांची टीका रचणारे एकनाथ स्वतः पैठणास भरल्या घरात नांदणारे गृहस्थ होते. वैराग्य पोथीपुरते आणि संसार व्यवहारापुरता, अशी वाटणी करून हा वाद मिटवता येईल. परंतु विधींचीच जबानी घेतली, तर ते काही निराळे सांगतात.

सरकारदरबारी घराचा जन्म दस्तऐवजात होतो. जुन्या सनदांत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण आणि निधिनिक्षेप यांसह जमीन इनामदाराच्या स्वाधीन केली जाई. आजचे खरेदीखत भाषेने रोडावले असले, तरी चतुःसीमेच्या आतील सारे काही आपले, हा त्याचा मथितार्थ कायम आहे. विधी मात्र नेमक्या त्याच तरू-पाषाणांची क्षमा मागतो. जमीन खणताना, झाड तोडताना, दगड फोडताना जी हिंसा घडली, तिच्या दोषाचे निवारण व्हावे, हा वास्तुशांतीचा एक उघड हेतू आहे. देवप्रतिमेसाठी लाकूड आणायचे असले, तरी आधी वृक्षाची पूजा करून, त्यावर वस्ती करणाऱ्या भूतांना बली द्यावा, त्यांनी अन्यत्र वास करावा आणि क्षमा करावी अशी विनंती करावी, असे सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत सांगितले आहे. कायद्याने ज्यांचा हक्क संपला, त्यांचा हक्क धर्म अजून मोजतो आहे.

वास्तुपुरुषाची मत्स्यपुराणातील कथा याहून खोल जाते. अंधकासुराशी लढताना शंकराच्या कपाळावरून गळलेल्या घर्मबिंदूतून एक क्षुधित भूत उपजले. ते त्रैलोक्य गिळावयास निघाले, तेव्हा देवांनी त्याला भूमीवर पाडून दाबून धरले आणि ज्याने जो अवयव धरला तो तेथेच वसला. घरासाठी आखल्या जाणाऱ्या 81 पदांच्या वास्तुमंडलात 45 देवता मांडतात, त्या या कथेतल्या. म्हणजे आपण ज्यावर जोते बांधतो, ती मुळात एक अतृप्त भूक आहे. बुद्धाने ज्या गृहकारकाला ओळखून त्याच्या घराचे आढे मोडले असे धम्मपद सांगते, त्या गृहकारकाचा अर्थ परंपरा तृष्णा असाच करते. फरक इतकाच की, भिक्षूच्या धर्माने घरच मोडले. गृहस्थाच्या धर्माने ती भूक मारली नाही, तर तिला पालथी पाडून, तिच्या अंगाअंगावर देवता बसवून, मोजका नैवेद्य ठरवून दिला. वैराग्य घराबाहेर राहिले नाही. ते पायात भरले गेले.

गेल्या साली आमच्या शेजारी एका कुटुंबाच्या नव्या घराची शांत झाली. सिमेंटच्या गोणीगोणीचा हिशेब मागणारे यजमान त्या दिवशी माजघराच्या आग्नेय कोपऱ्यात हात जोडून उभे होते. तेथे एक फरशी मुद्दाम बसवायची ठेवली होती. गुरुजींनी सप्तधान्यासह वास्तुप्रतिमा खड्ड्यात अधोमुख ठेवली, आणि मग गवंड्याने पुढे होऊन फरशी बसवली, थापीच्या दांड्याने ठोकून ओळंब्याइतक्याच काटेकोर नजरेने तिची पातळी पाहिली आणि सांधे भरले. मंत्र संपल्यावरही शेवटचा हात त्याचाच लागला.

हे सारे भीतीपोटी चालते, असे बुद्धिवादी म्हणतील, आणि पुष्कळ घरांपुरते ते खरेही आहे. अनिष्ट टळावे एवढ्यासाठीच संकल्प सोडणारे यजमान थोडे नाहीत. परंतु भीतीने केलेल्या विधीचाही अर्थ बदलत नाही: या जागेवर तुझ्याआधी कोणाचा तरी अधिकार होता आणि तुझ्या मालकीला मर्यादा आहे, हेच तो बजावतो. म्हणूनच त्याची कसोटी मंत्रांच्या शुद्धतेवर लागत नाही. अदृश्य भूतांना बली देऊन गवंड्या-सुतारांची मजुरी अडवणारा, शेजाऱ्याची पिढीजात वहिवाट भिंत घालून बंद करणारा, वृद्ध आईची खाट पडवीत लोटणारा यजमान शास्त्राप्रमाणे शांत करूनही अशांतच राहतो. कारण न दिसणाऱ्यांचा हक्क मानण्याचा हा सारा अभ्यास दिसणाऱ्यांचा हक्क ओळखता यावा, एवढ्याचसाठी आहे.