कापलेला अर्धा गुण

वाईजवळच्या एका गावातल्या मराठी शाळेत इंग्रजीचे एक सर होते. शिकवणं जीव ओतून, पण वह्या तपासताना फार कडक. जो शब्द स्वतःच शेवटचं टोक सांगतो, त्याला कुणी ‘मोअर’ किंवा ‘मोस्ट’ लावलं की अर्धा गुण गेलाच. परफेक्ट, युनिक, कम्प्लीट, राउंड अशी त्यांची यादीच होती. दरवर्षी ते फळ्यावर खडूने एक वर्तुळ काढत आणि वर्गाला विचारत, “हे गोल आहे. आता याहून गोल काय काढू?” मुलं गप्प बसत आणि नियम पक्का होई.

एकदा संविधान दिनानिमित्त त्यांनी नववीला इंग्रजीत निबंध लिहायला दिला. एका मुलीने शेवटी लिहिलं की, आपला देश आपल्याला ‘मोअर परफेक्ट’ करायचा आहे. सरांनी तांबड्या पेनाने ‘मोअर’ खोडला आणि अर्धा गुण कापला.

वह्या वाटल्यावर ती मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली.

“सर, ‘ऑलमोस्ट परफेक्ट’ चालतं का?”

“चालतं की.”

“आणि ‘ऑलमोस्ट फुल’?”

“तेही चालतं.”

“मग सर, जवळजवळ भरलेली घागर अर्ध्या घागरीपेक्षा जास्त भरलेली असते ना? ‘जवळजवळ’ म्हणता येतं, म्हणजे तिथपर्यंत जायला वाट आहे. वाट आहे तर तिच्यावर कुणी पुढे, कुणी मागे असणारच.”

सरांना चटकन उत्तर सुचेना. त्यांनी विचारलं, “हा शब्द तू आणलास कुठून?”

“अमेरिकेच्या राज्यघटनेतून, सर. आपल्या उद्देशिकेसारखीच तिचीही सुरुवात ‘आम्ही लोक’ अशीच होते. पहिल्याच वाक्यात ‘मोअर परफेक्ट युनियन’ आहे.”

त्या रात्री सरांनी आधी रेन आणि मार्टिनचं जुनं व्याकरण काढलं. ज्या पानाच्या आधारावर इतकी वर्षं गुण कापले, तिथे यादी होतीच. पण तिच्याच खाली, यातले काही शब्द प्रत्यक्ष बोलण्यात तुलनेच्या रूपातही येतात, अशी सूट दिलेली होती. यादी त्यांनी शेकडो मुलांकडून पाठ करून घेतली होती. तिच्याखालची सूट वर्गात कधी सांगितलीच नव्हती. मग ते अमेरिकेच्या इतिहासाकडे वळले आणि पहाटेपर्यंत वाचत राहिले.

दुसऱ्या दिवशी धडा बाजूला ठेवून त्यांनी नववीला ही हकिगत सांगितली.

१७८७ चा उन्हाळा. फिलाडेल्फियाच्या सभागृहात ५५ प्रतिनिधी येऊन-जाऊन जवळजवळ चार महिने भांडत होते. त्यांच्या राज्यांचा संघ आधीपासून होता आणि त्याच्या करारनाम्याच्या नावातच तो कायमचा असल्याचं म्हटलं होतं. पण त्या संघाच्या काँग्रेसला कर बसवण्याचाही अधिकार नव्हता. नावाने पूर्ण, कामाला अपुरा. सप्टेंबरमध्ये नव्या मसुद्याची भाषा नीट करायला पाच जणांची समिती नेमली. तिच्यात हॅमिल्टन होते, मॅडिसन होते, पण लेखणी मुख्यतः गव्हर्नर मॉरिस यांच्या हाती होती. एक पाय लाकडी असलेला हा माणूस शब्दांचा पक्का होता. गव्हर्नर हे त्यांचं नाव, हुद्दा नव्हे. मसुद्यात राज्यांची नावं एकेक करून लिहिलेली होती. ती काढून त्यांनी ‘आम्ही अमेरिकेचे लोक’ केलं, आणि उद्दिष्टांत पहिलं उद्दिष्ट घातलं ते ‘मोअर परफेक्ट’ संघाचं.

“नुसतं ‘परफेक्ट’ लिहिलं असतं तर?” सरांनी वर्गाला विचारलं आणि स्वतःच सांगितलं, “तर पहिल्याच वाक्यात खोटं झालं असतं. त्याच घटनेत, राज्याच्या वाट्याला किती प्रतिनिधी येणार हे ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, असा हिशेब होता. याच मॉरिस यांनी ऑगस्टमध्ये भर सभेत गुलामगिरीचा धिक्कार केला होता, तरी तो हिशेब राहिला. अशा कागदाला पूर्ण कसं म्हणायचं?”

१७ सप्टेंबरला सह्या झाल्या. ८१ वर्षांच्या फ्रँकलिन यांचं भाषण जेम्स विल्सन यांनी वाचून दाखवलं. यातल्या काही गोष्टी मला पसंत नाहीत, पण हा मसुदा पूर्णत्वाच्या इतका जवळ आलेला पाहून मी थक्क झालो आहे, असा त्याचा आशय होता. ‘जवळ आलेला’ या शब्दांपाशी सर थांबले आणि त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं. कालची तिची घागर तिथेच होती. ३९ जणांनी सही केली. सभागृहात हजर असलेल्या तिघांनी नकार दिला.

“आणि हा ‘मोअर’ नुसता शोभेचा शब्द राहिला नाही,” सर म्हणाले. ४ मार्च १८६१ ला लिंकन अध्यक्षपदाची शपथ घेत होते, तेव्हा सात राज्यांनी संघातून बाहेर पडल्याचं जाहीर केलं होतं. लिंकन यांनी त्या दिवशी जो युक्तिवाद केला, त्याचा एक आधार हाच शब्द होता. घटना झाली ती संघ अधिक पूर्ण करण्यासाठी. एखादं राज्य मनाला येईल तेव्हा निघून जाऊ शकत असेल, तर हा संघ पूर्वीपेक्षाही कमी पूर्ण ठरेल. पुढे चार वर्षं युद्ध झालं. १८६९ मध्ये टेक्सासच्या खटल्यात सरन्यायाधीश चेस यांनीही तोच धागा धरला: आधीच कायमचा असलेला संघ ‘मोअर परफेक्ट’ केला, मग तो तोडता येण्याजोगा कसा?

घटनेचा कागदही असाच एकेक पायरी पुढे गेला. गुलामगिरी संपवणारी तेरावी दुरुस्ती १८६५ ची. लिंगावरून मताधिकार नाकारायला मनाई करणारी १९२० ची. आजवर एकूण २७ दुरुस्त्या झाल्या आहेत.

हे सगळं सांगून झाल्यावर सर फळ्याकडे वळले. नेहमीप्रमाणे त्यांनी हाताने एक वर्तुळ काढलं. मग खिशातून सुतळीचा तुकडा काढला, एक टोक फळ्यावर अंगठ्याने दाबून धरलं, दुसऱ्याला खडू बांधला आणि शेजारी दुसरं वर्तुळ काढलं. पहिलं वर्तुळ डावीकडे चपटं झालेलं मागच्या बाकावरूनही दिसत होतं.

“याहून गोल काय काढू, असं मी तुम्हांला दरवर्षी विचारत होतो,” ते म्हणाले. “उत्तर समोर आहे.”

‘मोस्ट युनिक’ मात्र त्यांनी सोडलं नाही. एकमेव म्हणजे एकच, दोन झाले की एकमेवपण संपलं, मध्ये वाट नाही, असं त्यांचं म्हणणं. बोलणारी माणसं तो शब्द ‘विरळा’ या अर्थानेही वापरतात, असं मुलीचं म्हणणं. तो वाद त्या दिवशी मिटला नाही.

मधल्या सुट्टीत सरांनी तिची वही मागवली, खोडलेला ‘मोअर’ ठळक अक्षरात पुन्हा लिहिला आणि अर्धा गुण वाढवून खाली सही केली.