फोटोत न दिसणारी जाळी



शाळांना सुटी लागली की धर्मग्रामातील बऱ्याच घरांना कुलपे दिसू लागतात. कोणी वेलंकणी मातेच्या दर्शनाला निघतो, कोणी म्हैसूर-उटीला, तर कोणी मुलांकडे परदेशी. परत आल्यावर फोटो दाखवण्याचा कार्यक्रम होतो. आपल्यातील काही जणांना प्राणिसंग्रहालये पाहण्याचा आणि तेथील प्राण्यांचे फोटो काढण्याचा छंद आहे. वेलंकणीला जाताना ते चेन्नईजवळच्या वंडलूरला थांबतात. म्हैसूरला राजवाड्याआधी 1892 साली स्थापन झालेले तेथील प्राणिसंग्रहालय गाठतात. अशा एका छंदिष्टाचे फोटो पाहताना एका तरुणाने आम्हाला सरळ विचारले, "फादर, दुसऱ्याच्या तुरुंगात जाऊन फोटो काढणे बरोबर आहे का?" प्रश्न थट्टेत विचारला गेला, पण तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

आधी या छंदाची चांगली बाजू पाहू. पवित्र शास्त्रात मानवाला प्राण्यांसंबंधी मिळालेले एक पहिले काम म्हणजे त्यांना नावे देणे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर एकेक प्राणी आदामासमोर आणतो. नाव देण्यासाठी नीट पाहावे लागते. प्रभू येशूनेही आपल्या शिष्यांना आकाशातील पाखरांकडे लक्ष द्यायला सांगितले. संत थॉमस अक्विनास यांनी तर प्रश्नच विचारला की देवाने इतक्या तऱ्हेतऱ्हेचे जीव का निर्माण केले? त्यांचे उत्तर असे की देवाचा चांगुलपणा एवढा मोठा आहे की तो एकाच प्राण्यातून पुरता प्रकट होऊ शकत नाही. एकात जे उणे आहे ते दुसरा भरून काढतो. म्हणून जो माणूस एका मोराचे पिसे फुलवणे पाहण्यासाठी तासभर उन्हात उभा राहतो, त्याला रिकामटेकडा म्हणण्याची घाई आपण करू नये.

पण तरुणाचा प्रश्न उरतोच. पाखरे आकाशात उडत होती, कोणी त्यांना शिष्यांसाठी पकडून आणले नव्हते. पिंजऱ्यातल्या वाघाला कोणी विचारून आत आणलेले नाही. आपल्या आनंदाची किंमत तो भरतो. ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीनुसार प्राणी ही देवाची लेकरे नसली तरी देवाची निर्मिती आहेत, आणि आपण त्यांच्याशी दयेने वागणे हे त्यांचे देणे आहे. माणसाच्या खऱ्या गरजेसाठी प्राण्यांचा उपयोग करण्याची मुभा आहे, पण त्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात आणखी पुढे जाऊन सांगितले की प्रत्येक जीवाला देवापुढे स्वतःचे मोल आहे, ते आपल्या उपयोगावर अवलंबून नाही. मग सुटीतील करमणूक ही 'खरी गरज' ठरते का?

येथे एका धर्मगुरूची गोष्ट सांगणे भाग आहे. फादर आर्मां डेव्हिड हे लाझारिस्ट संस्थेचे फ्रेंच मिशनरी चीनमध्ये सेवा करत होते. 1865 साली पेकिंगच्या दक्षिणेकडील बादशहाच्या शिकारखान्याच्या भिंतीपलीकडे त्यांना एक वेगळेच हरीण दिसले. शिंगे सांबरासारखी, मान उंटासारखी, खूर गाईसारखे आणि शेपूट गाढवासारखे, असे त्याचे वर्णन चिनी लोक करत. रानातून ते केव्हाच नाहीसे झाले होते, त्या भिंतीआड तेवढे उरले होते. फादर डेव्हिड यांच्यामुळे युरोपला त्याची ओळख झाली आणि काही हरणे तिकडच्या प्राणिसंग्रहालयांत गेली. पुढे 1895च्या पुरात शिकारखान्याची भिंत फुटली, बाहेर पडलेली हरणे भुकेल्या लोकांनी मारून खाल्ली आणि उरलेली 1900च्या धामधुमीत संपली. इंग्लंडमधील एका सरदाराने, बेडफर्डच्या ड्यूकने, युरोपातील प्राणिसंग्रहालयांमधून 18 हरणे गोळा करून आपल्या वोबर्न येथील बागेत वाढवली. 1985 साली त्यांचे वंशज त्याच जुन्या शिकारखान्याच्या जागी परत गेले. कुंपण नसते तर आज ते हरीण कोणालाच दिसले नसते.

म्हणून सगळीच प्राणिसंग्रहालये तुरुंग आहेत असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. नोहाचे तारूही एका अर्थाने बंदिस्त जागाच होती. पण पाणी ओसरल्यावर देवाने नोहाला सर्व प्राण्यांना बाहेर काढण्याची आज्ञा केली. तारवाला दार होते, आणि ते उघडण्यासाठी होते. प्राणिसंग्रहालयाची पारख करताना आपणही विचारावे की येथील कुंपण कशासाठी आहे? प्राण्याला वाचवण्यासाठी, की फक्त तिकिटे खपवण्यासाठी? अर्थात, पिंजऱ्यातील बहुतेक प्राणी कधीच रानात जाणार नसतात, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. हरणाची गोष्ट खरी आहे, पण तिच्या आधाराने प्रत्येक पिंजऱ्याचे समर्थन करता येणार नाही.

आता फोटोकडे येऊ. छंदिष्ट मंडळींना एक युक्ती ठाऊक असते. कॅमेऱ्याची काच जाळीला अगदी टेकवायची, आतली झडप पूर्ण उघडी ठेवायची आणि नेम दूरच्या प्राण्यावर धरायचा. मग जवळची जाळी धूसर होत होत फोटोतून नाहीशी होते. उरतो तो वाघ आणि त्याच्या मागचे बांबू. पाहणाऱ्याला वाटते, ताडोबाचे रान आहे! हे खोटे बोलणे झाले का? आठवी आज्ञा येथे लागू होते का?

नुसती जाळी पुसली म्हणून पाप झाले, असे आम्ही म्हणणार नाही. चित्रकारसुद्धा काय दाखवायचे आणि काय वगळायचे हे ठरवतो. खोटेपणा सुरू होतो तो आपण लोकांना काय समजू देतो तेथून. "जंगलात भेटला" असे लिहून फोटो गटावर पाठवला, तर ते असत्यच. पण त्याहून बारीक धोका दुसराच आहे. इतरांच्या डोळ्यांपुढून जाळी काढता काढता ती आपल्याही मनातून जाते. वाघ आत आहे आणि आपण बाहेर, याचा विसर पडतो.

हा विसर पाडण्याची कला प्राणिसंग्रहालयांनीही साधली आहे. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक यांनी 1907 साली गजांऐवजी खंदक असलेले प्राणिसंग्रहालय उघडले. सिंह खुल्या डोंगरावर बसलेला दिसे, मधला खंदक दिसत नसे. पुढे जगभर हीच पद्धत रुळली. प्राण्यांना मोकळी जागा मिळाली, हे चांगलेच झाले. पण त्याच हागेनबेक यांनी त्याआधी, 1870च्या दशकापासून, दूरदेशीची माणसे आणून त्यांचीही प्रदर्शने भरवली होती. 1906 साली तर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा या काँगोतून आणलेल्या तरुणाला माकडांच्या घरात लोकांना दाखवण्यात आले. शहरातील कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबले. ते प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेने त्याबद्दल माफी मागितली ती 2020 साली. पाहायला गेलेले सगळेच लोक दुष्ट होते असे नाही. सुटीच्या दिवशी कुटुंबासह फिरायला आलेली ती साधी माणसे होती. समोरच्याला 'पाहण्याची वस्तू' समजण्याची डोळ्यांना एकदा सवय लागली की ती सवय माणसाजवळ येऊन आपोआप थांबत नाही.

आपणही याला अपवाद नाही. नाताळात आपण वृद्धाश्रमात जातो, गरीब मुलांना वह्या वाटतो. वही देणारा हात, घेणारा हात, आणि समोर मोबाईल. त्या मुलाला आपण विचारतो का की बाळा, तुझा फोटो काढू का? तो फोटो आपल्या सूचनाफलकावर लागतो तेव्हा त्याच्या आणि आपल्यामध्ये असलेली जाळी कोणाला दिसते का?

संत अगस्तीन यांनी आपल्या 'कबुलीजबाबा'त डोळ्यांच्या हावेविषयी लिहिले आहे. शेतातून जाताना सशामागे धावणारा कुत्रा दिसला की आपले मन तिकडे ओढले जाते, घरी बसले असता माशी पकडणारी पाल लक्ष वेधून घेते, असे ते सांगतात. हे पाहून ते देवाची स्तुती करू लागतात, पण पाहायला सुरुवात केली ती स्तुतीसाठी नव्हे, हेही कबूल करतात. पुढे संत थॉमस यांनी यातूनच भेद केला. एक असते जाणून घेण्याची निष्ठा आणि दुसरी नुसती चाळवलेली उत्सुकता. दोन्हींत डोळे तेच असतात. पहिलीत आपण समोरच्याचे ऐकतो, दुसरीत फक्त आपले भरून घेतो.

हा भेद पिंजऱ्यासमोर कसा ओळखावा? एक साधी कसोटी सांगतो. पुष्कळ प्राणिसंग्रहालयांत एखादा वाघ किंवा अस्वल एकाच वाटेने येरझारा घालताना दिसते. तेच वळण, तीच पावले. उत्सुक माणूस एक ऐटदार पाऊल टिपतो आणि पुढे जातो. निष्ठेने पाहणारा थांबतो. त्याच्या लक्षात येते की हे चालणे नाही, कोंडलेपणाने जडलेली सवय आहे. त्याला फोटो कदाचित मिळणार नाही, पण सत्य मिळेल. आणि सत्य मिळाले की जबाबदारीही येते. तक्रारवहीत दोन ओळी लिहिण्याची तसदी मग तो घेईल.

आपल्या देशात यासाठी कायद्याचा आधार आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 साली दुरुस्ती झाली आणि 1992 साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना चिडवणे, खायला घालणे, गोंगाटाने त्रास देणे, कचरा टाकणे हा गुन्हा आहे. तरीही मुंबईच्या राणीबागेत सुटीच्या दिवशी गेलात तर काचेवर टकटक करणारे हात आणि "ए, इकडे बघ!" अशा आरोळ्या दिसतील, ऐकू येतील. त्यात आपली मुले नसावीत, एवढे तर आपल्या हाती आहे.

तेव्हा त्या तरुणाला आमचे उत्तर असे. जाण्यात पाप नाही, फोटो काढण्यातही नाही. पण ज्याच्या बंदिवासामुळे आपल्याला आनंद मिळाला त्याचे आपण काही देणे लागतो. ते देणे असे फेडावे. जेथे प्राण्यांना कसरती करायला लावतात किंवा पिलांना हाताळायला देऊन पैसे घेतात, तेथे तिकीट काढू नये. फ्लॅश मारू नये, काच ठोकू नये. एका दिवसात सगळे पिंजरे उरकण्यापेक्षा एकाच प्राण्यापाशी अर्धा तास बसावे आणि मुलांनाही बसवावे. फोटो दाखवताना तो कोणत्या प्राणिसंग्रहालयात काढला हे लिहावे. आणि दहा फोटोंत एक तरी असा ठेवावा ज्यात जाळी दिसते. तो सर्वांत सुंदर नसेल, पण पाहणारा मुलगा विचारेल, "हा आत का आहे?" त्याला उत्तर देण्याची तयारी आईवडिलांनी प्रवासाला निघण्यापूर्वीच करावी.

प्रभू आपला प्रवास सुखरूप करो आणि आपल्याला नीट पाहणारे डोळे देवो.

आपले धर्मगुरू