तोंडओळख आणि न्याय



महाराष्ट्र पोलिसांच्या बोधचिन्हावर ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे शब्द आहेत. सज्जनांचे रक्षण करावे, दुर्जनांना आवरावे, हा त्यांचा साधा अर्थ. वाचायला सोपे आहे. परंतु रात्री अकरा वाजता अंधाऱ्या रस्त्यावर समोर एक अनोळखी तरुण उभा असताना यातला सज्जन कोण आणि दुर्जन कोण, हे गस्तीवरच्या हवालदाराने कसे ओळखावे? कायद्याचे पुस्तक उघडायला तिथे वेळ नसतो. त्या तरुणाचे नाव, कपडे, बोली, दाढी आणि वस्ती, तसेच या सर्वांविषयी हवालदाराच्या मनात आधीपासून साठलेले ग्रह, एवढेच त्याच्या हाताशी असते.

संत थॉमस अक्वायनस यांनी न्यायाच्या विरोधी दोषांचा विचार करताना एका दोषाची वेगळी दखल घेतली आहे. प्रकरण काय आहे हे न पाहता माणूस कोण आहे हे पाहून निवाडा करणे, तो हा दोष. आपल्या भाषेत त्याला तोंड पाहून न्याय करणे म्हणतात. यावर जुना उपाय असा, की तोंडच पाहू नये. म्हणून न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी. (२०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयात उघड्या डोळ्यांची न्यायदेवता आली, ही गोष्ट वेगळी.) न्यायाधीशाला ती पट्टी कदाचित शोभेल. पोलिसाला मात्र डोळे उघडे ठेवणे हेच काम. मग त्याने निःपक्षपाती कसे व्हायचे? कोणालाच न ओळखून, की सर्वांनाच ओळखून?

हा प्रश्न केवळ वर्गात बसून सोडवायचा नाही. आपल्या परिसरात त्याची परीक्षा होऊन गेली आहे.

भिवंडी येथून फार दूर नाही. यंत्रमागांचे हे शहर १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली दंगलीत होरपळले. १९७० च्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर स्पष्ट बोट ठेवले होते. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. शांतता समित्या त्याआधीही होत्या. पण अशा समित्यांत बहुधा पुढारी आणि वजनदार मंडळी बसतात, सणापुरती जमतात, चहा पिऊन ऐक्यावर भाषणे करतात आणि पांगतात. खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या काढल्या. त्यांची संख्या सुमारे ७० होती. त्यांत त्यांनी साधी हिंदू-मुसलमान माणसे घेतली आणि प्रत्येक कमिटीला पोलीस जोडून दिला. बैठकीत विषय असायचे ते रोजच्या कटकटींचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपडे तोवर बदलून गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या गुलाबराव पोळ यांनी ती घडी मोडली नाही, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. एका भल्या अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जो भलेपणा निघून जातो, त्याला खात्याचा स्वभाव म्हणता येत नाही.

मुंबईत काय झाले? श्रीकृष्ण आयोगाने नोंदवल्याप्रमाणे दोन्ही दंगलींत मिळून ९०० माणसे मेली. त्यांपैकी ३५६ पोलिसांच्या गोळीबारात. आयोगाने पोलिसांचे वायरलेसवरील संभाषण तपासले आणि त्यात मुसलमानांविषयीचा आकस उघड दिसला. १९९८ च्या अहवालात ३१ पोलीस दोषी ठरवले गेले. आता, ही माणसे राक्षस होती असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. आमचे मत तसे नाही. खाकीच्या आतला माणूस कोणत्या तरी घरातूनच गेलेला असतो. ‘ती लोकं तसलीच’ हे वाक्य त्याने पोलीस प्रशिक्षण केंद्रात प्रथम ऐकलेले नसते. ते जेवणाच्या ताटावर, ओट्यावर, लग्नाच्या मांडवात ऐकलेले असते. खाते त्यात भर घालते हे खरे. बीज मात्र आपल्याकडचे.

खात्याची भर कशी पडते, तेही पाहिले पाहिजे. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांनी बंड केले, लष्कर बोलवावे लागले. त्यामागे पगार, घरे आणि साहेबांकडून मिळणारी वागणूक यांविषयीचा राग होता. ज्याला दिवसभर वरून अरेतुरे ऐकावे लागते, तो ते संध्याकाळी फेरीवाल्याला आणि रिक्षावाल्याला ऐकवतो. योहान बाप्तिस्ता शिपायांना उपदेश करतो तेव्हा कोणाला धाकाने लुबाडू नका, खोटे आरोप करू नका, यांबरोबरच आपल्या पगाराचाही विषय काढतो, हे लूकच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात जरूर पाहावे. पगार, कामाचे तास आणि सचोटी यांचा संबंध त्याला कळला होता. २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तो आमच्या दृष्टीने नीतीचाच प्रयोग होता. झोप न मिळालेल्या माणसाकडून विवेकाची अपेक्षा किती करावी?

ॲरिस्टॉटल म्हणतो त्याचा मथितार्थ असा की, न्यायाची कामे करूनच मनुष्य न्यायी होतो. सवय आधी लागते, प्रसंग नंतर येतो. मोहल्ला कमिटीचे मर्म आम्हाला इथे दिसते. ज्या शिपायाने एखाद्या सलीमच्या गल्लीतील नळाचे भांडण सहा महिने ऐकले आहे, त्याच्यासाठी दंगलीच्या दिवशी समोरचा जमाव नुसता ‘जमाव’ राहत नाही. आणि गल्लीलाही शिपायाचे नाव ठाऊक असते. मुंबईतही दंगलीनंतर हाच धडा गिरवला गेला. तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिटी चळवळ उभी केली. वस्तीतील तरुण आणि पोलीस क्रिकेटही खेळू लागले. रिबेरो आपल्या कॅथलिक समाजाचे, याचा आपण अभिमान सांगतो. अभिमानाला खर्च येत नाही.

यावर दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, ओळख हीच पक्षपाताची आई. पोलीस ठाण्यात ज्याची ओळख असते त्याची तक्रार चटकन नोंदवली जाते, आदिवासी बाई मात्र बाकावर ताटकळत बसते. हे खरे आहे. म्हणूनच कोणाची ओळख, हा प्रश्न निर्णायक ठरतो. चार वजनदारांची ओळख म्हणजे वशिला. तीच ओळख सर्व पाड्यांची, सर्व गल्ल्यांची झाली की वशिल्याची किंमत उतरते.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. एकत्र चहा प्याल्याने झालेला अन्याय भरून येतो काय? १९९२-९३ च्या दंगलींतील मृतांच्या आणि बेपत्ता झालेल्यांच्या वारसांच्या नुकसानभरपाईविषयी सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, आदेश द्यावे लागले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे, असे याच न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सांगितले होते. आम्हा धर्मगुरूंना समेटाची घाई असते. पण पापनिवेदनातही चोरलेला माल परत करावा लागतो, नुसते रडून चालत नाही. कमिटी ही चौकशीच्या जागी बसवता येणार नाही. दोन्ही हवीत, आणि दोन्हींत ओढाताण राहील.

आता आपल्याकडे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती. कुपारी, वाडवळ, कोळी, सामवेदी, आदिवासी यांच्या या भूमीत उत्तर प्रदेश, बिहार, गुजरातमधील माणसे भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्या खोल्यांपैकी कित्येक आपल्याच आहेत. २०२० मध्ये मीरा-भाईंदरसह आपल्याला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देताना आपण कागदासोबत तोंडी काय सांगतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. बीटवरचा शिपाई ते ऐकत असतो.

पोलीस ठाण्याकडून मोहल्ला कमिटीसाठी आपल्या धर्मग्रामातून पाच नावे मागवली आहेत. दरवेळची पाच नावे सर्वांना पाठ आहेत. त्या मंडळींबद्दल आम्हाला आदरच आहे. परंतु या वेळी एखादी मासळी विकणारी बाई, एखादा रिक्षाचालक, पाड्यावरील एखादा तरुण आणि भाड्याने राहणारे, अलीकडेच आपल्या मिस्साला येऊ लागलेले एखादे कुटुंब यांतून नावे यावीत, असे आम्हाला वाटते. बैठक महिन्यातून एकदा, संध्याकाळी सात वाजता असते. ज्यांना जमेल त्यांनी येत्या रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर कचेरीत येऊन सांगावे. स्वतःचे नाव सुचवायला संकोच करू नये.