नोंदींचा संयोग आणि अभावाचे ज्ञान

धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचा सातबारा हा मुळात दोन वेगळ्या तक्त्यांचा एकत्र केलेला उतारा आहे: गाव नमुना ७ जमिनीवर अधिकार कोणाचा हे सांगतो, गाव नमुना १२ तीत कोणते पीक घेतले हे सांगतो, आणि गट क्रमांक हा सामाईक रकाना दोहोंना एका कागदावर आणतो. अनेक विभागांचे तक्ते जोडून त्यांचा एकच क्रमबद्ध अहवाल तयार करणाऱ्या आजच्या संगणकीय प्रणाली हेच काम फार मोठ्या प्रमाणावर करतात. हे काम निव्वळ तांत्रिक मानले जात असले, तरी जोडणीतून निर्माण झालेली नवी ओळ नेमके कशाचे ज्ञान देते, हा प्रश्न दर्शनशास्त्राचा आहे. वैशेषिकांनी वेगळ्या राहू शकणाऱ्या दोन वस्तूंच्या एकत्र येण्याला संयोग म्हटले आणि द्रव्य व गुण यांच्यातील अविभाज्य संबंधाला समवाय म्हटले. जोडतक्त्यातील ओळ संयोगाने बनते, पण वाचणाऱ्याला ती समवायासारखी भासते. नाव, गट, पीक आणि कर्ज हे जणू एकाच व्यक्तीचे अंगभूत गुण असावेत अशा रीतीने शेजारी बसतात आणि ते कोणीतरी, कोणत्यातरी नियमाने जुळवले आहेत याचा विसर पडतो.

जुळवणीचा पहिला आधार म्हणजे दोन नोंदी एकाच वस्तूच्या आहेत हा निर्णय होय. पूर्वी पाहिलेली वस्तू पुन्हा ओळखण्याच्या ज्ञानाला भारतीय तर्कपरंपरा प्रत्यभिज्ञा म्हणते, आणि ‘तोच हा देवदत्त’ हे तिचे रूढ उदाहरण आहे. अद्वैत वेदान्त याच वाक्याच्या आधारे भागत्यागलक्षणा समजावतो: ‘तेव्हाचा’ आणि ‘आताचा’ ही परस्परविरोधी विशेषणे सोडावीत आणि उरलेले एकत्व घ्यावे. २०११ च्या जनगणनेत १६,५७,५७६ लोकसंख्येचा जो जिल्हा उस्मानाबाद या नावाने नोंदला गेला, तोच २०२३ नंतरच्या तक्त्यांत धाराशिव म्हणून येतो. नावाचा भाग सोडून जिल्ह्याचा सांकेतिक क्रमांक धरला की जोडणी बिनचूक होते. याउलट १९८१ आणि १९९१ या दोन्ही जनगणनांत नाव उस्मानाबाद हेच आहे, परंतु १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाल्यामुळे त्या नावाखालील भूमी एक नाही. केवळ नाव जुळते म्हणून या दोन ओळी जोडणारा अहवाल लोकसंख्येत मोठी घट दाखवील आणि ती घट कोणत्याही गावात घडलेली नसेल.

एकत्वाच्या प्रश्नाहून अभावाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. जमिनीवर घट, म्हणजे मडके, नाही हे कसे कळते, यावर भाट्ट मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी ते स्वतंत्र मानले नाही. तथापि एक अट सर्वांनाच मान्य होती: घट तेथे असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. हीच योग्यानुपलब्धी. अंधारात घट दिसला नाही, तर तो नाही असे सिद्ध होत नाही.

तक्त्यांतही असा अंधार असतो. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्या मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीच्या यादीत असते, पण त्या महिन्यांच्या वजनाच्या तक्त्यात त्याची नोंद नसते. दोन्ही तक्त्यांत सापडणाऱ्या ओळीच ठेवायच्या, असा जोडणीचा नियम असला तर ते मूल अहवालातून नाहीसे होते. आणि अशी मुले बहुधा गरीब घरची असल्यामुळे, एकाही बालकाचे वजन न वाढता गावाचे सरासरी पोषण सुधारल्याचे दिसू शकते. रिकाम्या रकान्यात शून्य भरले तर उलट अनर्थ होतो. एका चुकीत मूल नाही असे ठरते, दुसरीत त्याला वजन नाही असे ठरते. प्रत्यक्षात अभाव फक्त मोजणीचा आहे. म्हणूनच तक्त्यांचा क्रम हा नैतिक निर्णय ठरतो. मुलांची संपूर्ण यादी आधी घेऊन तिला वजने जोडली, तर रिकामी जागा समोर राहते आणि कोणाकडे जायचे ते सांगते. वजनांच्या तक्त्यापासून आरंभ केला, तर ती जागा निर्माणच होत नाही.

ओळींच्या क्रमवारीचाही असाच विचार करावा लागतो. २०१८ साली सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात धाराशिव जिल्हा समाविष्ट झाला. तेथे ४९ निर्देशक एकत्र करून जिल्ह्यांचा क्रम लावताना आरोग्य व पोषण आणि शिक्षण यांना प्रत्येकी ३० टक्के, शेती व जलसंपदेला २० टक्के, तर वित्तीय समावेशन व कौशल्यविकास आणि पायाभूत सुविधा यांना प्रत्येकी १० टक्के भार देण्यात आला. हे भार आकडेवारीतून आपोआप निघत नाहीत. कशाचे मोल किती, याविषयीचा तो मानवी निवाडा आहे. स्थितीऐवजी प्रगतीनुसार लावलेला क्रमही त्याच तक्त्यांतून वेगळाच निघतो. याच जिल्ह्यातील तेर येथे कुंभार संत गोरोबाकाकांनी मडकी घडवण्याच्या थापटण्याने संतांची परीक्षा घेतल्याची आणि नामदेव कच्चे ठरल्याची कथा वारकरी परंपरा सांगते. त्या परीक्षेत कसोटी एकच आणि सर्वांसमक्ष होती, आणि तिच्या निकालानंतर नामदेव गुरूच्या शोधात विसोबा खेचरांकडे गेले. सर्वांत खाली आलेल्याला पुढचा मार्ग दाखवणे, हेच क्रमवारीचे योग्य प्रयोजन होय.

तेव्हा अहवाल सिद्ध करणाऱ्या प्रत्येकाने अंतिम तक्त्याखाली तीन गोष्टी लिहाव्यात: कोणता तक्ता आधी घेतला, कोणत्या रकान्यावर जोडणी केली आणि किती ओळींना जोडीदार सापडला नाही. वाचणाऱ्या अधिकाऱ्याने आणि नागरिकाने यांतील तिसरा आकडा सर्वप्रथम मागावा.