परका आणि आपण

शास्त्रवाचन: लेवीय 19:33-34, मत्तय 25:31-46



देशात येऊन राहिलेल्या परक्या माणसाचा छळ करण्याची परमेश्वराने इस्राएलाला मनाई केली. एवढ्यावरच तो थांबला नाही. त्याच अध्यायात शेजाऱ्यावर जी प्रीती करण्यास त्याने सांगितले, तीच या परक्यालाही द्यावी अशी त्याची आज्ञा आहे. या आज्ञेमागचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. परका उपयोगी पडतो किंवा तो दयनीय आहे, असे शास्त्र येथे म्हणत नाही. मिसर देशात तुम्हीही परकेच होता, याची ते आठवण देते. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात तर पहिल्या पिकाची टोपली वेदीपुढे ठेवताना प्रत्येक शेतकऱ्याने आपला पूर्वज भटका होता हे मोठ्याने कबूल करावयाचे होते. जमीन मिळाली, पीक हाती आले, तरी हे विसरायचे नव्हते.

या वचनाच्या प्रकाशात आपण आज चेन्नई शहराकडे पाहू. 1639 मध्ये समुद्रकाठच्या एका लहान वस्तीलगत इंग्रजांनी किल्ल्यासाठी जागा मिळवली, तेव्हापासून तेलुगू, तामिळ, गुजराती, आर्मेनियन, पोर्तुगीज अशा नाना लोकांनी हे नगर वसवले आहे. प्रेषित थोमा इ. स. 52 मध्ये भारतात आला व याच भूमीवर रक्तसाक्षी झाला, अशी आपल्या देशातील ख्रिस्ती लोकांची प्राचीन परंपरा सांगते. म्हणजे सुवार्ताही येथे एका परक्याच्याच तोंडून आली. पुढे खोजा पेत्रुस उस्कान या आर्मेनियन ख्रिस्ती व्यापाऱ्याने 1726 मध्ये सैदापेठेजवळ अड्यार नदीवर पूल बांधला आणि थोमाच्या टेकडीवर जाणाऱ्या भाविकांसाठी पायऱ्या घडवून दिल्या. तो जुना पूल आता राहिलेला नाही. आर्मेनियन लोकांची वस्तीही उरलेली नाही. त्यांच्या नावाचा रस्ता आणि त्यावरील 1772 सालचे मंदिर तेवढे उभे आहे.

आपण मराठी भाषक तर तामिळ देशाचे विशेष ऋणी आहोत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे भोसले तंजावरास स्थिरावले आणि 1855 पर्यंत तेथे मराठ्यांचे राज्य चालले. कावेरीच्या काठी मराठी नाटके लिहिली गेली, सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते जतन झाली, बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरला गेला.

याच घराण्यातील सरफोजीराजे यांची हकिकत आपल्या विषयाला फार जवळची आहे. तुळजाराजांनी मृत्यूपूर्वी आपला हा दत्तक पुत्र ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाती सोपवला. श्वार्ट्झ 1750 मध्ये भारतात आले होते. ते तामिळ बोलत. दरबारातील लोकांशी संवाद साधता यावा म्हणून ते मराठीही शिकले. तंजावरात मुलाच्या जिवाला व शिक्षणाला धोका दिसू लागला, तेव्हा 1793 मध्ये त्याला मद्रासला हलवण्यात आले आणि गेरिके या दुसऱ्या जर्मन मिशनऱ्याने त्याला शिकवले. हाच मुलगा पुढे विद्वान राजा म्हणून गाजला. त्याने आपला हिंदू धर्म सोडला नाही. पण श्वार्ट्झ यांच्या निधनानंतर त्यांचे संगमरवरी स्मारक तंजावरच्या चर्चमध्ये त्यानेच उभे करवले. जर्मनीतून आलेल्या एका उपऱ्याने, पूर्वी महाराष्ट्रातून आलेल्या उपऱ्यांच्या वंशजाला, तामिळ भूमीवर पित्याची माया दिली. मुलगा ख्रिस्ती होईल तरच प्रीती करू, अशी अट त्यात नव्हती.

आजही सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी अशा दुष्काळी तालुक्यांतून बाहेर पडलेली मराठी कुटुंबे तामिळनाडूतील सराफ पेठांत गलाईचा धंदा करून पोट भरतात. आपला मनुष्य परमुलखात सुखरूप असावा, त्याला घर मिळावे, भाषा येत नाही म्हणून त्याची थट्टा होऊ नये, असे गावी राहिलेल्या आईला वाटते. मग जी आई बिहारात, ओडिशात किंवा तामिळनाडूत आपल्या मुलाची वाट पाहते, तिची प्रार्थना वेगळी कशी असेल?

येथे आपल्याला अंतःकरण तपासावे लागते. 1966 नंतरच्या वर्षांत मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध मोहिमा झाल्या. 2008 मध्ये उत्तर भारतीय कामगारांना मारहाण झाली. मार्च 2023 मध्ये तामिळनाडूत बिहारी मजुरांवर हल्ले होत असल्याच्या खोट्या चित्रफिती पसरल्या आणि भयभीत मजूर गावाकडे निघाले. मिसरात योसेफाची ओळख नसलेला नवा राजा आला, तेव्हा इस्राएल लोकांची संख्या मोजून तो घाबरला. त्या भीतीतून वेठबिगारी आणि पुढे बालहत्या निपजली. निर्गमाच्या पहिल्या अध्यायातील ही पायरी-पायरीने वाढलेली क्रूरता आपण विसरू नये.

कोणी म्हणेल, की घरे अपुरी, नोकऱ्या थोड्या, मग भूमिपुत्रांनी काय करावे? हा प्रश्न खोटा नाही. आपल्या भाषेवर प्रेम करणे पाप नाही, आणि शास्त्राने देशीय व परका या दोघांना एकच नियम लावला आहे. तो परक्यानेही पाळावयाचा आहे. परंतु अपुरेपणाचा राग सर्वांत दुबळ्या माणसावर काढण्याची मुभा शास्त्र देत नाही. उलट कापणीच्या वेळी शेताचे कोपरे गरिबासाठी व परक्यासाठी राखून ठेवावेत, असे ते सांगते. बवाजाच्या शेतात ते कोपरे राखलेले होते म्हणून मवाबी रूथ जगली, आणि तिच्या वंशात दावीद जन्मला, दाविदाच्या वंशात आपला तारणारा. तोही बाळपणी हेरोदाच्या तरवारीपासून वाचण्यासाठी मिसरातच आश्रयाला गेला.

तेव्हा आपल्या मंडळीच्या शेताचे कोपरे कोणते? मंदिराच्या शेजारी इमारतीचे काम चालले असेल तर तेथील मजुरांची मुले आपल्या शब्बाथ शाळेत येऊ शकतात का? इस्पितळातील केरळी परिचारिका उपासनेला आली, तर कोणी तिला शेजारी बसवून गीताचे पान दाखवते का? परप्रांतीयाला घर भाड्याने देताना आपण काय विचारतो? त्याच्याविषयी आलेली अफवा आपल्या हातून पुढे जाते की आपल्यापाशी थांबते?

मलाखी संदेष्टा प्रभूला रुपे गाळून शुद्ध करणाऱ्याची उपमा देतो. गलाईवाला भट्टीपाशी बसून मुशीतील हीण जळेपर्यंत नजर हलवत नाही. दारात उभा असलेला अनोळखी मनुष्य ही आपल्या विश्वासाची मूस आहे. न्यायाच्या दिवशी राजा सांगणार आहे, की त्या माणसाच्या रूपाने मीच तुमच्या दारी आलो होतो. त्या वेळी आपला कस लागलेला असेल.

प्रार्थना: हे प्रभो, आम्ही दूर होतो, तू आम्हांस जवळ आणून आपल्या घरचे केलेस. आमच्या दारी येणाऱ्यास आम्ही तुझ्याच नावाने आत घ्यावे, असे मन आम्हांस दे. आमेन.