त्या रात्रीची कथा



करिंथ येथील ख्रिस्तमंडळी प्रभुभोजनासाठी एकत्र जमत असे. परंतु सधन लोक आपापले अन्न आधीच खाऊन तृप्त होत आणि दरिद्री बांधव उपाशी राहत (१ करिंथ ११). हे वर्तमान पौलाच्या कानी गेले, तेव्हा त्याने त्यांची कानउघाडणी तर केलीच. पण तिच्या मध्यभागी त्याने एक कथा पुन्हा सांगितली. प्रभूला धरून देण्यात आले त्या रात्रीची ती कथा. ती आपल्याला मिळाली आणि आपण ती तुमच्या स्वाधीन केली, असे तो त्यांना स्मरण देतो.

हे पत्र इ. स. ५५ च्या सुमाराचे. आज आपल्या हाती असलेली शुभवर्तमाने तेव्हा बहुधा लिहिली गेली नव्हती. मंडळीजवळ मंदिर नव्हते, राजाश्रय नव्हता, समान कुळही नव्हते. यहुदी व हेल्लेणी, दास व स्वतंत्र यांना एका पंक्तीस बसवीत होती ती मुखोमुखी आलेली ही कथा. जो ती आपली मानी, तो त्या घरचा होई. म्हणूनच पंक्तिभेद करणे म्हणजे त्या कथेलाच खोटे पाडणे होते.

आपल्या मराठीनेही कथेचे हे सामर्थ्य अनुभवले आहे. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीतील नवख्रिस्ती लोकांसाठी सुमारे ११,००० ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते राचोल येथे छापले गेले. त्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. तथापि भाविकांनी हस्तलिखिते जपली, ओव्या गाइल्या. १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळुरात ते पुन्हा छापविले आणि २०१२ साली फादर नेल्सन फाल्काव यांचे इंग्रजी भाषांतर बंगळुरूच्या क्रिस्तु ज्योती प्रकाशनाने प्रसिद्ध केले. छापील कागद नष्ट झाला, पण कथा उरली.

ती कथा बंगळुरूत पोहोचली. आपल्या घरात पोहोचली आहे काय? पोटापाण्यासाठी या नगरात आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची मुले शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर कन्नड बोलतात. त्यांना कोणत्या भाषेत सांगावे, हा प्रश्न रास्तच आहे. तथापि आपण मुळी सांगतच नाही, ही चिंता त्याहून मोठी. जी भाषा मुलांच्या हृदयाला भिडेल तीत सांगा, पण सांगा.

आणि सांगण्यापूर्वी आपल्या पंक्तीकडे एकवार पाहा. घरची धुणीभांडी करणारी भगिनी दाराशी ताटकळत आहे काय? मंडळीत नवा आलेला बांधव मागच्या बाकावर एकटाच आहे काय? ‘ही आपली गोष्ट आहे का?’ असे मुलाने विचारले, तर आपल्या पंक्तीनेच ‘होय’ म्हटले पाहिजे.

प्रभू आपणांस ती कथा सांगण्याची वाणी आणि तिला साजेशा पंक्तीस बसण्याची नम्रता देवो. आमेन.