गहाण पडलेला वऱ्हाड

परक्यांची पलटण आली नसती, तर आमच्या मुलांस अक्षरओळख कधीच झाली नसती, असे मंडळीतील कित्येक वडीलधारे म्हणत असतात. हे म्हणणे कृतज्ञतेचे आहे, म्हणून ते हसण्यावारी नेणे आम्हांस बरे वाटत नाही. तथापि परकी सैन्य शिरल्याने देशाची उन्नती होते काय, हा प्रश्न आपण वऱ्हाडच्या इतिहासावरूनच पाहू. आपला यवतमाळ जिल्हा याच वऱ्हाडात मोडतो.

वऱ्हाड निजामाचा होता. त्याच्या राज्यात ‘कंटिंजंट’ नावाची एक फौज असे. तिचे अंमलदार इंग्रज, पगार मात्र निजामाने द्यावयाचा. पगार थकला, कर्ज वाढले, आणि १८५३ साली लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत या देण्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. शेतकरी वाचकांस हे लवकर समजेल. सावकाराने आपल्या पसंतीचा राखणदार दुसऱ्याच्या शेतात बसवावा, त्याचा रोजमुरा शेतवाल्याच्या नावे मांडावा, आणि बाकी फुगली म्हणजे शेतच गहाण लावून घ्यावे, अशातला तो व्यवहार होता.

आता त्या गहाण शेतात सावकाराने विहीर खणली, हेही खरेच. निजामाच्या वेळी सारा वसूल करणारे इजारदार रयतेस पिळीत; पुढे जमिनीची मोजणी होऊन तीस वर्षांचा सारा ठरला. १८६७ साली बडनेऱ्यावरून नागपुरास आगगाडी गेली, पुढे मूर्तिजापुराहून यवतमाळास लहान गाडी आली. हा लाभ आम्ही नाकारीत नाही. पण रूळ धावले ते कापसामागे! १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तेव्हा विलायतेच्या गिरण्यांस वऱ्हाडच्या कापसाची आठवण फार झाली. त्याच मुलखात १८९९-१९०० च्या दुष्काळी साली माणसे अन्नावाचून मेली, आणि तेव्हा आगगाडी होती.

राहिली शाळा. आपल्या भागात फ्री मेथडिस्ट मिशनचे लोक आले ते अमेरिकेतून; त्यांच्या देशाची एकही तोफ वऱ्हाडात नव्हती. इंग्रजी अंमलाची सावली त्यांस मिळाली, हे कबूल केले पाहिजे. ज्यांस गावच्या शाळेची पायरी चढू देत नव्हते, त्यांस ही सावली थोडी वाटली नाही, आणि त्यांच्या तोंडावर तिला तुच्छ म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु धुळीत अक्षरे काढून दाखविणारे मास्तर पुष्कळदा आपल्यातलेच होते. म्हणूनच १९४७ साली इंग्रज गेले, तरी त्या शाळा ओस पडल्या नाहीत. अफगाणिस्तानात याच्या उलट झाले. तेथे २००१ साली परकी सैन्य आले, मुलींच्या शाळा उघडल्या. २०२१ साली ते सैन्य निघून जाताच मोठ्या मुलींच्या शाळांची दारे पुन्हा मिटली.

निजामाचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावा म्हणून वारंवार मागणी केली. ती मान्य झाली नाही. अखेर १९०२ साली लॉर्ड कर्झन यांनी वर्षास २५ लक्ष रुपये ठरवून तो कायमच्या पट्ट्याने घेतला. १८५३ साली काय आणि १९०२ साली काय, कागद झाला तो हैदराबाद आणि कलकत्ता या दोन दरबारांत. दारव्हे-पुसदच्या ज्या रयतेची ही जमीन, तिला दोन्ही वेळी कोणी विचारले नाही.